सोरायसिस : आहार, पथ्य आणि पूरके

प्रास्ताविक

सोरायसिस हा त्वचेवर दिसणारा, परंतु मुळात रोगप्रतिकार यंत्रणेत उद्भवणारा दीर्घकालीन विकार आहे. निरोगी बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडण्यास साधारणतः एक महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो. परिणामी अपरिपक्व पेशींचे थर साचतात व चट्ट्यांवर रुपेरी पापुद्रे धरतात. पाठ्यपुस्तकांत या चट्ट्यांचे वर्णन 'लाल' असे केलेले आढळते. सावळ्या त्वचेवर मात्र ते पुष्कळदा जांभळट वा करडे दिसतात. या घाईमागे प्रतिकार यंत्रणेतील पेशींनी स्रवलेली इंटरल्युकिन-१७, इंटरल्युकिन-२३ यांसारखी दाहकारक प्रथिने असतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये ठराव करून सोरायसिसची दखल घेतली. आज तो पूर्णतः नाहीसा करता येत नसला, तरी औषधांनी दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतो. अशा आजारात आहाराचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पथ्याची परंपरा

आयुर्वेदीय ग्रंथांत 'कुष्ठ' ही संज्ञा त्वचाविकारांच्या संपूर्ण वर्गासाठी योजलेली आहे. चरकसंहितेत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली असून त्यांपैकी एककुष्ठ आणि किटिभ यांची लक्षणे सोरायसिसशी जुळतात, असे अनेक वैद्य मानतात. आजच्या मराठीत मात्र 'कुष्ठ' म्हटले की लोकांना कुष्ठरोगच आठवतो. त्यामुळे केसपेपरवरील हा एक शब्द रुग्णाच्या घरात नाहक भय निर्माण करू शकतो.

याच ग्रंथपरंपरेने मासे व दूध एकत्र घेण्यासारखा विरुद्धाहार हे कुष्ठाचे एक कारण मानले. पुढे घराघरांतून त्याची यादी लांबत गेली. वांगे, दही, आंबट, मासे, गहू, एकामागून एक पदार्थ ताटातून उतरत जातात. वांगे वा दही प्रत्येक रुग्णाने वर्ज्य करावे, असे नियंत्रित अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. तरीही अशी पथ्ये 'लागू पडली' असे अनुभव सर्रास सांगितले जातात. याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. सोरायसिस आपोआप बळावतो आणि आपोआप ओसरतोही. ओसरण्याच्या सुमारास जो पदार्थ सोडला असेल, त्याला श्रेय मिळते. एखाद्या पदार्थाविषयी खरोखरच शंका असेल, तर तो काही आठवडे थांबवून पुन्हा सुरू करून पाहावा. चट्टे दोन्ही वेळा सारखेच राहिले, तर त्या पदार्थास निर्दोष ठरविण्यास हरकत नाही. आजार सर्वांगावर पसरला असता पापुद्र्यांवाटे शरीरातील प्रथिने कमी होतात. अशा वेळी डाळी, उसळी, अंडी, मासे बंद करणे हे उलट अपायाचेच होय.

गव्हाविषयी स्वतंत्र खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये आहारविषयक शिफारशी प्रसिद्ध केल्या. ग्लुटेनविरोधी प्रतिपिंडांची रक्तचाचणी सकारात्मक असलेल्या रुग्णांनीच ग्लुटेन टाळावे, अशी त्यांत भूमिका आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी आवडीने खावी. पोळीला मात्र विनाचाचणी दोषी ठरवू नये.

वजनाचा प्रश्न

त्याच शिफारशींत सर्वाधिक भर वजन घटविण्यावर दिला आहे. मेदपेशी या चरबीच्या निष्क्रिय कोठ्या नसून त्या स्वतः टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक द्रव्ये स्रवतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात ६० स्थूल रुग्णांपैकी एका गटास १६ आठवडे अल्प उष्मांकाचा आहार देण्यात आला. या गटाचे वजन दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे १५ किलो अधिक घटले. चट्ट्यांतील सुधारणा संख्याशास्त्रीय कसोटीस किंचित कमी पडली. जीवनमान मात्र स्पष्टपणे सुधारले. भारतीयांच्या बाबतीत शरीरभारांक २३ च्या पुढे गेला की वजन अधिक समजले जाते, हे येथे ध्यानी घ्यावे. म्हणजे कोणता पदार्थ खाल्ला यापेक्षा एकूण किती खाल्ले, हा प्रश्न बहुधा अधिक महत्त्वाचा ठरतो. तो गैरसोयीचा आहे आणि म्हणूनच वांग्यावर खापर फोडणे सोपे जाते. मद्य व तंबाखू यांविषयी मतभेदास जागा नाही, दोन्ही सोडावीत.

पूरके

माशांच्या तेलाची ख्याती मोठी आहे. परंतु १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४५ रुग्णांवरील चाचणीत ते मक्याच्या तेलाहून सरस ठरले नाही. बांगडा, तारली किंवा जवसाची चटणी अन्न म्हणून उत्तमच आहे. तिला औषध मानू नये. ड जीवनसत्त्वापासून घडविलेली मलमे चट्ट्यांवर गुणकारी आहेत, पण त्यावरून गोळीही गुणकारी ठरत नाही. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे हिवाळ्यात झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड जीवनसत्त्व पोटात देऊन आजाराची तीव्रता घटली नाही. रक्तात या जीवनसत्त्वाची कमतरता आढळल्यास ते हाडांसाठी अवश्य घ्यावे.

'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांबाबत अधिक सावध राहावयास हवे. ज्या आजारात प्रतिकार यंत्रणाच अतिउत्साही झालेली आहे, तेथे तिला आणखी चेतविण्याचे प्रयोजन काय? २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख नीट पटविली नसल्याचा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद अद्याप विचारार्ह आहे. हळदीच्या संहत कॅप्सूलनंतरही यकृतविकार नोंदले गेले आहेत. फोडणीतील चिमूटभर हळदीशी त्यांचा संबंध जोडू नये.

यकृताचा मुद्दा येथे गौण नाही, कारण सोरायसिसवर वापरले जाणारे मेथोट्रेक्झेट हे जुने, स्वस्त व प्रभावी औषध यकृतावर भार टाकते. ते घेणाऱ्याने प्रत्येक चूर्ण व कॅप्सूल डॉक्टरांना दाखवावी आणि रक्ततपासणी चुकवू नये. या औषधासोबत डॉक्टर स्वतःच एक पूरक लिहून देतात, ते म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. दोन्ही गोळ्या लहान व पिवळसर असू शकतात. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेल्यास तोंडात व्रण होतात, रक्तपेशी घटतात, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून वार ठरवून तो पाकिटावर मराठीत ठळक लिहून ठेवावा, आणि गोळ्या देणाऱ्या घरातील व्यक्तीसही तो वार तोंडपाठ असावा.