सम्राट आणि तलवारींची दुर्री

दगडी सिंहासनावर पांढऱ्या दाढीचा एक राजा बसला आहे. सिंहासनावर मेंढ्यांची मस्तके कोरलेली, हाती राजदंड, आणि राजवस्त्राखाली चिलखत. पाठीमागे उघडेबोडके डोंगर. टॅरोच्या ७८ पत्त्यांतील हा ‘सम्राट’. त्याच्या शेजारी पडलेल्या पत्त्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेली एक स्त्री दोन तलवारी छातीशी फुलीसारख्या धरून बसली आहे. मागे खडकाळ समुद्र, वर चंद्रकोर. ही ‘तलवारींची दुर्री’. पहिला पत्ता सत्तेचा आणि दुसरा अनिर्णयाचा मानतात. व्यापारी घरात ही जोडी निघाली की अर्थ चटकन लावला जातो. सम्राट म्हणजे गादीवरचे वडील आणि दुर्री म्हणजे काहीच न ठरवणारा मुलगा.

हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते निव्वळ खेळण्यासाठी. त्यांवरून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. आज सर्वत्र दिसणारी चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून काढली आणि ती १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. गंमत अशी, की वेट यांनी दुर्रीचा अर्थ अनिर्णय असा दिलाच नव्हता. त्यांनी समतोल, धैर्य, मैत्री असे अर्थ नोंदवले होते. अनिर्णय पुढच्या वाचकांनी त्या पट्टीत पाहिला.

खुणेवरून सत्तेचे भाकीत करणे वऱ्हाडाला नवे नाही. बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आखून अठरा धान्ये मांडतात. त्यांत अकोला-अमरावतीच्या बाजारपेठांना जवळची सरकीही असते. मध्यभागी मातीची ढेकळे, पाण्याची घागर, पापड, कुरडई आणि पानविडा. रात्रीतून काय हलले, काय जागी राहिले, हे दुसऱ्या पहाटे पाहून पीकपाणी सांगतात. विडा राजाचा. तो जागी असेल तर राजा गादीवर कायम. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या भाकितावर आक्षेप घेत आले आहेत, आणि ते आक्षेप रास्त आहेत. शिवाय विडा फार तर राजा राहील एवढेच सांगतो. त्याने राहावे की नाही, याविषयी तो गप्प असतो. पत्त्यांचेही तसेच आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या पंधराव्या अध्ययनात तर स्वप्न, लक्षण आदी विद्यांवर जो जगत नाही तोच भिक्षू, असे सांगितले आहे.

तेव्हा पत्त्यांकडे उत्तर मागू नये. चित्र मात्र नीट पाहावे. सम्राटाने स्वतःच्या आसनावर बसूनही चिलखत उतरवलेले नाही. अडतीच्या दुकानात ‘आता तूच बघ’ असे सकाळी म्हणणारे आणि मुलाने ठरवलेला भाव संध्याकाळी फिरवणारे शेठजी याच चित्रातले. ज्याचा प्रत्येक सौदा मोडला जातो, तो हळूहळू सौदा करणेच सोडतो. मग तिजोरीच्या किल्ल्या कमरेला ठेवून वडील खंत करतात, की पोराला निर्णय घेता येत नाही. डोळ्यांवरची पट्टी बहुतेक वेळा सिंहासनावरूनच बांधली जाते.

कधी सम्राट आणि दुर्री एकाच माणसात असतात. भरत चक्रवर्तींवर उगारलेल्या मुठीने बाहुबलींनी स्वतःचा केशलोच केला, असे श्वेतांबर परंपरा सांगते. राज्य सुटले, पण ऋषभदेवांकडे जावे, तर आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागणार. जाणे होईना, परतणे शक्य नव्हते. वर्षभर ते एका जागी उभे राहिले आणि अंगावर वेली चढल्या. शेवटी ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन हत्तीवरून उतरायला सांगितले. हत्ती कुठेच नव्हता. त्यांना अर्थ कळला, त्यांनी वंदनासाठी पाऊल उचलले, आणि तत्क्षणी केवलज्ञान झाले.

तिथे कोंडी फोडायला बहिणी आल्या. दुर्रीवरही स्त्रीच आहे, तरी अर्थ सांगणारे सहज ‘मुलगा’ म्हणून जातात. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच जन्मतः हक्कदार ठरली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही भाऊबिजेला अमरावतीहून अकोल्याला माहेरी आलेल्या मुलीपुढे ओवाळणीच्या ताटानंतर हक्कसोडपत्र येऊ शकते. ‘सही करून टाक, मग निवांत जेवू’, असे प्रेमानेच म्हटले जाते. ती सही करत नाही, नकारही देत नाही. ताटातली अनारसे मोडत बसते. घरात तिला अनिर्णयी ठरवले जाते. तिच्या एका हातात हक्क आहे, दुसऱ्यात माहेर, आणि दोन्ही जड आहेत. तो कागद तिने सोबत न्यावा, स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावा. दुय्यम निबंधकाचे कार्यालय दिवाळीनंतरही उघडते.