पंचाचे पाय

सॉफ्टबॉलच्या सामन्यात धावणारी मुलगी आणि फेकलेला चेंडू पहिल्या बेसवर जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतात. पंच ‘आउट’ म्हणतो, मैदानाबाहेर गिल्ला होतो आणि त्याच्या दृष्टीविषयीच नव्हे, तर हेतूविषयीही शंका घेतली जाते. वस्तुतः अशा वेळी चूक बहुधा डोळ्यांची नसते. ती पायांची असते.

दोन बेसमधील अंतर अवघे ६० फूट. चपळ मुलगी ते सुमारे तीन सेकंदांत कापते. तेवढ्या अवधीत पंचाने फेकीच्या रेषेशी काटकोन साधून, पंधरा-अठरा फुटांवर येऊन स्थिर व्हावयाचे असते. मग डोळा बेसवरील पावलावर आणि कान चेंडू ग्लव्हमध्ये पडल्याच्या आवाजावर, अशी विभागणी साधते. फार जवळ गेल्यास दोन्ही गोष्टी नजरेत मावत नाहीत; धावता धावता पाहिल्यास दृश्यच हलते. धावणाऱ्या खेळाडूला चेंडूने स्पर्श करून बाद करावयाचे असेल, तेव्हा मात्र जवळ जाणेच इष्ट.

प्लेटमागील पंचाने कॅचर आणि बॅटर यांच्यामधील फटीतून, डोके न हलविता, चेंडू ग्लव्हमध्ये विसावेपर्यंत पाहावा, आणि त्यानंतर क्षणभर थांबावे. हे थांबणेच नवख्याला जमत नाही. पंचाचा हात वर गेलेला आणि चेंडू ग्लव्हमधून निसटून मातीत पडलेला, हे दृश्य हास्यास्पद खरे. पण बाद ठरलेल्या मुलीला त्यात हसण्यासारखे काही नसते.

कारण आपल्या शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. एक सामना गेला की वर्ष गेले. राज्यस्तरावरील कामगिरीशी दहावी-बारावीचे सवलतीचे गुण निगडित आहेत, आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. इतके ज्याच्या निर्णयावर अवलंबून, तो पंच पुष्कळदा सकाळी मैदान आखून दुपारी उभा राहिलेला क्रीडाशिक्षक असतो. नियमावली त्याला पाठ असेलही. पण चेंडू दूर गेल्यावर एका पंचाने झेल पाहण्यास धाव घेतली, तर उरलेल्या धावणाऱ्या खेळाडू दुसऱ्याने सांभाळावयाच्या, हा उभयतांतील समझोता सरावाविना अंगी मुरत नाही.

त्यासाठी खर्चही मोठा नाही. एक रिकामे मैदान, फेकणाऱ्या-धावणाऱ्या दहा-बारा मुली, एकच प्रसंग पन्नास वेळा, आणि निर्णयाकडे न पाहता केवळ पावलांकडे पाहणारा एक जाणता पंच. जिल्हास्तरीय स्पर्धेपूर्वीचे दोन दिवस त्याला पुरतात.