पंधरा दिवसांचे मोल

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाचा महिनाअखेर कसा निभावतो, हे ज्यास ठाऊक आहे, त्यास प्रीपेड वीजमीटरचा प्रश्न केवळ तांत्रिक वाटणार नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत या मीटरांवर मोठा भर होता. महाराष्ट्रात विरोध उसळताच जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे ते बसविणार नसल्याचे जाहीर केले. पुढे स्मार्ट मीटर बसू लागले. बिल मात्र वापरानंतरच येत राहिले.

प्रीपेड पद्धतीचीही एक बाजू आहे. बुडीत थकबाकीचा भार अखेर नियमित बिल भरणाऱ्यांवरच पडतो. शिवाय विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४७ नुसार प्रीपेड ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. तथापि त्याच अधिनियमाचे कलम ५६ थकबाकीदाराचीही वीज तोडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक मानते. या मुदतीत माणूस उसनवारी करतो, चुकीच्या बिलाविरुद्ध दाद मागतो. शिल्लक संपताच पुरवठा तोडणारे यंत्र नेमकी हीच मुदत गिळून टाकते.

ज्यास ही पद्धत सोयीची वाटेल, त्याने ती खुशाल स्वीकारावी. परंतु ती ऐच्छिकच राहील, ही हमी वीज नियामक आयोगाच्या विनियमात लेखी असावयास हवी. आश्वासन एका निवेदनाने फिरविता येते. विनियम बदलावयाचा तर मसुदा आधी लोकांपुढे ठेवावा लागतो.