जुन्या पीसीवर एचडी एडिटिंग

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट साकारला. त्याच कोल्हापुरात आज लग्नाचे व्हिडिओ घरच्या पीसीवर एडिट होतात. जुना पीसी मात्र अडखळतो. का?

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. फाइल लहान राहावी म्हणून कॅमेरा बहुतेक फ्रेममधला फक्त बदल नोंदवतो. पूर्ण फ्रेम पुन्हा उभी करताना प्रोसेसरचा घाम निघतो.

पीसी सुधारायचा, तर आधी एसएसडी बसवा, मग रॅम १६ जीबी करा. मदरबोर्डला डीडीआर३ चालते की डीडीआर४, ते पाहूनच रॅम घ्या. ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी पॉवर सप्लायची क्षमता तपासा. तरीही अडलं, तर कमी रिझोल्यूशनच्या ‘प्रॉक्सी’ प्रतीवर एडिटिंग करा. अंतिम व्हिडिओ मूळ फाइलमधूनच तयार होतो.