विश्लेषण : खाणी थांबल्या, कॅसिनो वाढले… पण पैसा कोणाच्या गावात गेला?

गोव्याची मांडवी नदी एकेकाळी लोहखनिजाने भरलेल्या बार्जसाठी ओळखली जात असे. डिचोली, सत्तरीच्या खाणींमधून निघालेला माल याच नदीने मुरगाव बंदराकडे जायचा. आज पणजीजवळ त्याच नदीत कॅसिनोची जहाजे नांगर टाकून उभी आहेत. खाणी बंद पडल्यानंतर ‘आता कॅसिनोच राज्याची तिजोरी भरणार’, असे युक्तिवाद वारंवार झाले. मात्र खाणीचे उत्पन्न आणि कॅसिनोचे उत्पन्न यांची तुलना केवळ आकड्यांनी होत नाही. कोणत्या गावाचे गेले आणि कोणत्या गावाला मिळाले, हा त्यातला खरा प्रश्न आहे. गोवा, अमेरिकेतील कोलोरॅडो आणि महाराष्ट्र या तीन राज्यांनी त्याची तीन वेगळी उत्तरे दिली आहेत.

गोव्यातील खाणी बंद का झाल्या?

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात खाणींसाठी कायमस्वरूपी सवलती देण्यात आल्या होत्या. १९८७च्या केंद्रीय कायद्याने त्यांचे रूपांतर खाणपट्ट्यांत झाले. २००० नंतर चीनकडून लोहखनिजाची मागणी प्रचंड वाढली आणि गोव्यातील उत्खननही बेसुमार वाढले. न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. बेकायदा उत्खननामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले.

२१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. सर्व खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि वर्षाला दोन कोटी टन उत्खननाची मर्यादा घातली. त्यानंतर राज्याने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद झाल्या. पुढे लिलावाचा मार्ग स्वीकारण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार ब्लॉकचे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पहिल्या ब्लॉकमध्ये काम सुरू झाले. मधल्या काळात ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले, खाणीच्या वाटेवरचे हॉटेलवाले अशा अनेकांचा धंदा बसला. अनेकांच्या दारात कर्जावर घेतलेले ट्रक नुसते उभे राहिले.

कॅसिनो गोव्यात कसे आले?

यात एक गंमतीदार योगायोग आहे. गोव्यात सार्वजनिक जुगाराला बंदी घालणारा कायदा १९७६चा आणि महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा कायदाही १९७६चाच. गोव्याने बंदीच्या कायद्यात पुढे अपवाद केले. १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक खेळयंत्रांना परवानगी मिळाली. १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्ते, रूलेट यांसारख्या टेबलावरच्या खेळांचा मार्ग मोकळा झाला. त्यामुळेच जमिनीवरचे कॅसिनो आणि पाण्यातले कॅसिनो असे दोन प्रकार गोव्यात दिसतात. मोठी उलाढाल जहाजांवर होते.

म्हणजे कॅसिनो खाणबंदीच्या आधीपासून होते. खाणबंदीचा उपाय म्हणून ते आलेले नाहीत. खाणींचे उत्पन्न आटल्यावर मात्र सरकारच्या हिशेबात त्यांचे वजन वाढले. विरोधात असताना मांडवीतून कॅसिनो हटवण्याची भाषा करायची आणि सत्तेत आल्यावर जहाजांना मुदतवाढ द्यायची, हे गोव्याने अनेकदा पाहिले आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना खेळण्यासाठी कॅसिनोत प्रवेश बंद झाला. नोकरीसाठी मात्र ही बंदी लागू नाही. थोडक्यात, खेळणारा बाहेरचा असावा आणि महसूल गोव्याचा असावा, असे हे धोरण आहे.

सरकारला कॅसिनोतून पैसा कसा मिळतो?

मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट वार्षिक परवाना शुल्काची. २०१८ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार २०० पर्यंत प्रवासी क्षमतेच्या जहाजाला वर्षाला २५ कोटी, २०० ते ४०० क्षमतेच्या जहाजाला ३० कोटी आणि त्याहून मोठ्या जहाजाला ४० कोटी रुपये मोजावे लागत. हे शुल्क पूर्णपणे राज्याचे. कॅसिनोचा धंदा चालो अथवा न चालो, ते द्यावेच लागते. म्हणूनच करोनाकाळात कॅसिनो बंद असताना शुल्क भरायचे की नाही, यावरून मोठा वाद झाला.

दुसरी वाट कराची. जीएसटीपूर्वी करमणूक कर राज्याच्या तिजोरीत जात असे. जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि या कराची राज्य व केंद्र यांच्यात निम्मी-निम्मी वाटणी होऊ लागली. म्हणजे कॅसिनोत गोळा होणाऱ्या जीएसटीच्या प्रत्येक १०० रुपयांपैकी ५० रुपये केंद्राच्या वाट्याला जातात. कॅसिनोच्या करवसुलीचा मोठा आकडा वाचताना ही वाटणी लक्षात ठेवायला हवी.

जीएसटीच्या नव्या नियमांनी काय बदलले?

कॅसिनोत गेलेला ग्राहक आधी पैसे देऊन चिप्स घेतो, त्या चिप्सवर खेळतो आणि उरलेल्या चिप्स परत देऊन पैसे घेतो. समजा, दिवसभरात ग्राहकांनी १०० रुपयांच्या चिप्स घेतल्या आणि ९० रुपये परत नेले. कॅसिनोकडे १० रुपये उरले. कर या १० रुपयांवर लावायचा की १०० रुपयांवर, हा वर्षानुवर्षांचा वाद. २८ टक्के दराने पहिल्या हिशेबात कर २ रुपये ८० पैसे होतो. दुसऱ्यात तो २८ रुपये, म्हणजे कॅसिनोकडे उरलेल्या रकमेच्या जवळपास तिप्पट.

जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये दुसऱ्या बाजूने कौल दिला. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. जिंकलेल्या पैशांतून पुन्हा लावलेल्या डावावर मात्र कर नाही. गोव्यातील सर्वात मोठी कॅसिनो कंपनी असलेल्या डेल्टा कॉर्पचा समभाग या निर्णयानंतर एका दिवसात २० टक्क्यांहून अधिक कोसळला. मागील वर्षांच्या थकबाकीपोटी कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांना मिळून १६ हजार ८०० कोटींहून अधिक रकमेच्या नोटिसा आल्या. त्यांचा वाद न्यायालयात गेला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने दरांची फेररचना केली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरील दर ४० टक्के झाला.

यातला मुद्दा असा की, हा उत्पन्नाचा झरा राज्याच्या एकट्याच्या हातात नाही. जुगाराला परवानगी द्यायची की नाही, हा राज्याचा अधिकार. पण कराचा दर दिल्लीतील परिषदेत ठरतो आणि तो वाढला की जहाजांवरचा धंदाच आक्रसण्याची भीती असते.

खाणीची जागा कॅसिनो घेऊ शकतो का?

खाणी जोरात असताना २०१०-११ मध्ये गोव्याला रॉयल्टीपोटी हजार कोटी रुपयांच्या घरात उत्पन्न मिळाले होते. तिजोरीत जमा झालेला रुपया खाणीचा की कॅसिनोचा, हे तिजोरीला कळत नाही. गावाला मात्र कळते. खाणीचा पैसा रॉयल्टीपेक्षा जास्त गावातून फिरायचा. ट्रकची फेरी, चालकाची मजुरी, टायरचे दुकान, चहाची टपरी, भाड्याची खोली अशी ती साखळी होती. त्याची किंमतही गावानेच मोजली. शेतांत साचलेला खाणीचा गाळ, आटलेल्या विहिरी आणि लाल धुळीने माखलेली घरे ही ती किंमत.

कॅसिनोची साखळी पणजीभोवती फिरते. हॉटेल, टॅक्सी, विमानतळ, जहाजावरची नोकरी. डिचोलीतील पन्नाशीचा ट्रकचालक त्या साखळीत सहज बसत नाही. त्याच्या मुलीला किंवा मुलाला तिथे नोकरी लागू शकते, पण त्यासाठी रोज पणजी गाठावी लागते.

कायद्यातही हाच फरक आहे. खाणीच्या पैशाचा काही भाग खाणबाधित भागासाठी राखून ठेवावा लागतो. २०१५च्या दुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे लिलावातील पट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या १० टक्के आणि जुन्या पट्ट्यांसाठी ३० टक्के रक्कम जाते. शिवाय २०१४च्या निकालाने लोहखनिज विक्रीच्या १० टक्के रकमेतून पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारायला सांगितले. खनिज एकदाच निघते, त्यामुळे त्याची किंमत आजच खर्चून टाकू नये, हा त्यामागचा विचार. कॅसिनोच्या पैशावर खाणपट्ट्यातील गावांचा असा कोणताही ठरलेला हक्क नाही.

अमेरिकेतील खाणगावांनी काय केले?

कोलोरॅडो राज्यात डोंगरातील तीन जुनी सोन्याची गावे आहेत : ब्लॅक हॉक, सेंट्रल सिटी आणि क्रिपल क्रीक. पहिल्या दोन गावांच्या परिसरात १८५९ मध्ये सोने सापडले, क्रिपल क्रीकमध्ये १८९०च्या सुमारास. सोने ओसरले, गावे ओस पडली. जुन्या इमारती वाचवण्यासाठी पैसा हवा म्हणून १९९० मध्ये राज्यभर मतदान झाले आणि फक्त या तीन गावांत कॅसिनोला परवानगी मिळाली. १ ऑक्टोबर १९९१ रोजी ते सुरू झाले. सुरुवातीला एका डावावर पाच डॉलरची मर्यादा होती. २००९ मध्ये ती १०० डॉलर झाली. २०२० च्या मतदानाने मर्यादा ठरवण्याचा अधिकार गावांनाच मिळाला.

महत्त्वाची आहे ती वाटणी. मूळ तरतुदीनुसार खर्च वजा जाता कराचे ५० टक्के राज्याला, २८ टक्के ऐतिहासिक वास्तूंच्या निधीला, १२ टक्के संबंधित दोन काऊंटींना आणि १० टक्के त्या गावांना मिळतात. हे तिथल्या राज्यघटनेतच लिहिले आहे. सरकार बदलले म्हणून गावाचा वाटा जात नाही.

पण सगळे गोड झाले असेही नाही. तीनही गावांची कमाई सारखी राहिली नाही. डेन्व्हरहून येताना ब्लॅक हॉक आधी लागते. तिथे सपाट जागा होती आणि मोठ्या इमारतींना परवानगी मिळाली. साहजिकच पर्यटक तिथेच थांबू लागला. अवघ्या मैलभरावरचे सेंट्रल सिटी मागे पडले. ब्लॅक हॉकला वळसा घालण्यासाठी सेंट्रल सिटीने सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर खर्चून आठ मैलांचा नवा रस्ता बांधला. तो २००४ मध्ये खुला झाला, तरीही मोठा वाटा ब्लॅक हॉककडेच राहिला. त्या ब्लॅक हॉकची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत अवघी १२७ होती. रोजच्या वापराची दुकाने जाऊन त्या जागी कॅसिनो आले. गावाची तिजोरी भरली, पण राहणारी माणसे मोजकीच उरली.

महाराष्ट्राने कोणता मार्ग निवडला?

महाराष्ट्राचा १९७६चा कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा विधिमंडळाने मंजूर केला, पण तो कधीच अमलात आणला गेला नाही. पर्यटन आणि महसूल वाढेल म्हणून तो लागू करावा, अशी मागणी अधूनमधून होत राहिली. अखेर १८ ऑगस्ट २०२३ रोजी मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि विधिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले. राज्याची स्वतःची लॉटरी मात्र १९६९ पासून आहे. त्यामुळे नशिबाच्या खेळातून मिळणारा महसूल राज्याने पूर्णपणे नाकारला, असे म्हणता येत नाही. मोबाइलवरील पैशांच्या खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली. तो निर्णय मात्र राज्यांच्या कॅसिनोधोरणापेक्षा वेगळा आहे.

यातून धडा काय?

एखादा जुना धंदा बसला की ‘नवा उद्योग आणा, भागाचा विकास होईल’, असे सांगितले जाते. तो उद्योग कॅसिनो असो, रिसॉर्ट असो वा खाणच असो, त्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न ‘किती कोटी मिळतील’ हा नसून ‘गावाचा वाटा कुठे लिहिला आहे’ हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नवीन नाही. नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसर अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायद्याखालील अशा गावांसाठी आदिवासी घटक कार्यक्रमाच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम थेट ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१५ मध्ये घेतला. त्या पैशाचे काय करायचे, हे ग्रामसभेने ठरवायचे असते. रक्कम मोठी की लहान, खर्च नीट होतो की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण वाटा कागदावर आहे, म्हणून ग्रामस्थांना तो मागता येतो.

गोव्यातील खाणगावांची अडचण नेमकी तीच आहे. खनिजातला त्यांचा हक्क न्यायालयाने आणि कायद्याने लिहून ठेवला, पण खाणी बंद असताना त्यातून फारसे काही येऊ शकले नाही. कॅसिनोचा पैसा त्या काळातही येत होता, पण त्यावर त्यांचे नाव कुठेच नव्हते. मांडवीतली जहाजे उद्या दुसरीकडे हलली किंवा कराचा दर पुन्हा बदलला, तर राज्याच्या अर्थसंकल्पातला एक आकडा खालीवर होईल. डिचोली आणि सांग्यातील घरांच्या हिशेबात मात्र त्याने फारसा फरक पडणार नाही.