गणकयंत्र आणि वारा

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ गणकयंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. आजचे गणकयंत्र लहानशा पेटीत मावते. उष्णतेचा प्रश्न मात्र राहतोच. ३०० वॅट वीज घेणारे यंत्र ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने सोडते. आतील हवा १० अंशांहून अधिक तापू द्यावयाची नसेल, तर सेकंदास सुमारे २५ लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. कुंभकोणमजवळील गोविंदपुरम् येथे उन्हाळ्यात खोलीच ३५ अंशांवर गेली, तर बाहेर पडणारी हवा ४५ अंशांची होते. कारण पंखा हवा हलवितो, थंड करीत नाही. म्हणून वारा पुढून आत व मागून बाहेर जावा, तारा कडेला बांधाव्यात, जाळीवरील धूळ झाडावी. अन्यथा यंत्र आत्मरक्षणार्थ आपली गती मंद करते.