आटत्या तलावातील मासे तग कसे धरतात?

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव घेताच पोलाद कारखाना डोळ्यांसमोर येतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यासाठी तांदुला व गंगरेल जलाशयांचे पाणी कालव्यांद्वारे आणले जाते. विदर्भातून आलेल्या माणसाला मात्र येथील एक गोष्ट ओळखीची वाटते. भंडारा-गोंदियाप्रमाणेच दुर्ग-भिलाईच्या खेड्यांतही गावोगाव तलाव आहेत. पावसाळ्यात ते तुडुंब भरतात, तर वैशाखात अनेक ठिकाणी गुडघाभर गढूळ पाणी उरते. अशा पाण्यात मासा जगतो कसा, हा प्रश्न मासेमारीवर पोट असलेल्या केवट आणि ढीमर कुटुंबांसाठी केवळ कुतूहलाचा नाही.

पहिली अडचण प्राणवायूची. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येते. रात्री पाणवनस्पती व शेवाळही प्राणवायू वापरत असल्याने पहाटे टंचाई सर्वाधिक असते. त्या वेळी रोहू आणि कटला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात.

मागूर, सिंघी आणि मरळ यांनी वेगळी वाट काढली आहे. मागूरच्या कल्ल्यांवरील पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखा, रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव असतो. सिंघीच्या शरीरात कल्ल्यांपासून शेपटीच्या दिशेने गेलेल्या दोन लांबट पिशव्या असतात. हे मासे थेट हवेतून श्वास घेतात. पूर्ण वाढलेल्या मरळ माशाला तर वर येऊ दिले नाही, तर तो पाण्यातच गुदमरतो!

ही रचना एका उन्हाळ्यात घडलेली नाही. तिच्यामागे असंख्य पिढ्यांची उत्क्रांती आहे. काही बदल मात्र माशाच्या एकाच आयुष्यात होतात, आणि या दोहोंची गल्लत करू नये. युरोपातील क्रूशियन कार्प हा मासा पाण्यात शिकारी पाइक मासा असल्यास अधिक उंच शरीराचा होतो, जेणेकरून तो शिकाऱ्याच्या जबड्यात सहज मावू नये. प्राणवायू घटल्यास त्याच्या कल्ल्यांतील पेशींचा भराव नाहीसा होतो आणि श्वसनासाठी अधिक पृष्ठभाग उघडा पडतो. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धरणांच्या जलाशयांतील शायनर माशांचे शरीर वाहत्या ओढ्यांतील त्यांच्याच जातभाईंपेक्षा अधिक उंच व डोके लहान असल्याचे आढळले.

आहाराचेही तसेच. रोहूचे पिल्लू सूक्ष्म प्राणीजीवांवर वाढते. मोठेपणी शेवाळ आणि वनस्पतींकडे वळते. वनस्पती पचण्यास वेळ लागत असल्याने त्याचे आतडे शरीराच्या लांबीच्या कित्येक पट वाढते. मांसाहारी मरळीचे आतडे मात्र आखूड असते. कटलाचे तोंड वर वळलेले, तर मृगळचे खाली. त्यामुळे एकाच तलावात पृष्ठभागावरील, मधले आणि तळाचे अन्न वाटून खाल्ले जाते. मत्स्यपालकांची मिश्र शेती याच निरीक्षणावर उभी आहे.

या जुळवून घेण्याला मर्यादा आहेत. रोहू व कटला बंद तलावात वाढतात, पण अंडी घालण्यासाठी त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले, तेव्हा कुठे ही अडचण दूर झाली.

जुळवून घेण्यात सर्वांत तरबेज ठरले ते परके मासे. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया शेवाळापासून तळातील गाळापर्यंत बरेच काही खातो, आणि परिस्थिती बिकट झाली की लहान आकारातच प्रजननक्षम होतो. आफ्रिकी मागूर तर इतर मासेही फस्त करतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी चोरटे पालन थांबलेले नाही.

देशी मागूर उथळ काठाच्या मातीतील खळग्यांत अंडी घालतो, मरळ पाणवनस्पतींमध्ये घरटे करते. सुशोभीकरणाच्या नावाखाली तलावाच्या काठांना काँक्रीटचे अस्तर लावले जाते, तेव्हा नेमकी हीच जागा नाहीशी होते. हवेतून श्वास घेण्याची क्षमता तेथे उपयोगी पडत नाही.